खोलीतले संगीत : नरिमन पॉइंट ते लालबाग

वाचकहो, वार्षिक परीक्षा आटोपल्या की मुलांच्या उन्हाळी शिबिरांची चर्चा घरोघरी सुरू होते. पोहणे, गिर्यारोहण, चित्रकला ही नावे आता जुनी झाली. अलीकडे त्यांत आणखी एक नाव ऐकू येऊ लागले आहे : परदेशातील उन्हाळी संगीतशिबिर. दोन-तीन आठवडे देशोदेशींची मुले एकत्र राहतात, सकाळी मोठ्या वाद्यवृंदाची तालीम करतात आणि दुपारी चार-पाच जणांच्या लहान गटात वाजवतात. या लहान गटाच्या वादनाला पाश्चात्त्य संगीतात ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. तेव्हा सरळ मराठीत हे झाले खोलीतले संगीत. येथे हातात छडी घेतलेला संचालक नसतो. प्रत्येक भाग एकच वादक वाजवतो. त्यामुळे चुकल्यास लपायला जागा नाही आणि शेजाऱ्याचे ऐकल्यावाचून पुढे सरकता येत नाही.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे असे वाटत असेल, तर सुटीतला एक दिवस काढा आणि मुलांना घेऊन माझ्याबरोबर चला. नरिमन पॉइंटहून निघू, गिरगाव, दादर, परळ करीत लालबागला थांबू. वाटेत डॉक्टर या नात्याने चार गोष्टी सांगेन, त्या मात्र ऐकून घ्या.

नरिमन पॉइंटच्या टोकाशी, समुद्राला लागून, नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ही संस्था उभी आहे. तिची स्थापना 1969 सालची. येथेच 2006 साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला आणि 2012 पासून मुलांना शिकवणारी अकादमीही त्याला जोडली गेली. पण मुंबईतील या वादनाची मुळे त्याहून जुनी आहेत. मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने 1935 साली ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ आणि 1940 साली चार तंतुवाद्यांचा ‘बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट’ स्थापन केला. वडिलांच्या या तालमी घरातच चालत आणि लहानगा झुबिन त्या ऐकत मोठा होत होता. पुढे डॉक्टर होण्याच्या तयारीसाठी तो सेंट झेवियर्स महाविद्यालयात दाखल झाला, पण 1954 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो अभ्यास सोडून संगीत शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेला. आमच्या व्यवसायाने एक विद्यार्थी गमावला, हे खरे. तक्रार करण्यास मात्र जागा नाही.

दोनच वर्षांनी, 1956 च्या उन्हाळ्यात, झुबिन मेहता इटलीतील सिएना येथे चिजियाना अकादमीच्या उन्हाळी वर्गाला गेले. तेथे त्यांना क्लाउदिओ अब्बादो आणि अवघ्या तेरा वर्षांचा डॅनिएल बारेनबोइम हे सोबती भेटले. तिघेही पुढे जगद्विख्यात संचालक झाले आणि त्यांची मैत्री टिकून राहिली. मेहली मेहता यांनी 1964 साली लॉस एंजेलिसमध्ये ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ हा तरुणांचा वाद्यवृंद काढला आणि तेहतीस वर्षे तो चालवला. उन्हाळ्यातील अशा काही आठवड्यांत मुलाला काय मिळते, याचे उत्तर या दोन पिढ्यांत दडलेले आहे : बोटांच्या कसरतीपेक्षा सोबत मोठी असते.

आता चर्चगेटहून गाडी पकडू आणि चर्नी रोडला उतरू. स्थानकापासून चालत गेले की रॉयल ऑपेरा हाउस लागते. 1911 साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बालगंधर्व आणि पृथ्वीराज कपूर यांनी हे रंगमंच गाजवले. 1993 साली ते बंद पडले आणि डागडुजी होऊन 2016 साली पुन्हा उघडले. याच परिसरात प्राध्यापक बा. र. देवधर यांनी 1925 साली आपले संगीतविद्यालय सुरू केले. देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. कुमार गंधर्व बालवयात शिकायला आले ते त्यांच्याकडेच. एका बाजूला इटालियन धाटणीचे ऑपेरागृह आणि दुसऱ्या बाजूला ख्यालाची तालीम : गिरगावच्या मुलांच्या कानांवर हे दोन्ही सूर बरोबरच पडत आले आहेत.

याच गिरगावातील चौदा वर्षांची एक मुलगी आमच्या दवाखान्यात आली होती. ती व्हायोलिन शिकत होती आणि युरोपातील एका उन्हाळी शिबिरासाठी तिची निवड झाली होती. निम्मा खर्च शिष्यवृत्तीतून भागणार होता. उरलेल्यासाठी आईने पाटल्या मोडल्या होत्या. जाण्यास पाच आठवडे उरले असताना तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत दुखू लागला. एरवी ती रोज तासभर वाजवी. निवड झाल्यापासून चार तास वाजवू लागली होती. दहा दिवस तिने घरी चकार शब्द काढला नाही. आईला बाहेर बसायला सांगून मी कारण विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, “डॉक्टरकाका, आईच्या पाटल्या गेल्या आहेत. आता दुखतंय असं कसं सांगू?”

वाचकहो, दुखण्याहून हे वाक्य मला अधिक चिंतेचे वाटले. स्नायू आणि त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा यांना वाढत्या श्रमाची सवय व्हायला आठवडे लागतात. वादनाचे तास एकाएकी तिप्पट-चौपट झाले की त्यांना सूज येते. वेळीच विश्रांती मिळाली तर हे दुखणे बहुधा बरे होते. ते सोसून तसेच वाजवत राहिल्यास महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. तिच्या बोटांना मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता, पकड ढिली झालेली नव्हती. ही लक्षणे असती तर तिला तज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे लागले असते. मी तिला काही दिवस वादन पूर्ण थांबवायला सांगितले. त्या काळात स्वरलिपी डोळ्यांनी वाचायची, रचना ऐकायची आणि मनात वाजवायची. मग दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे, आणि दुखले नाही तरच पुढे वाढ. व्हायोलिनचा खांद्याखालचा आधार नीट आहे की नाही, हे गुरूंकडून तपासून घ्यायचे. फिजिओथेरपिस्टकडून मान, खांदा आणि पाठीचे व्यायाम शिकायचे. आईला आत बोलावून हे सारे तिच्या देखत सांगितले. आईने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “पाटल्या पुन्हा होतील गं. हात एकच आहे.” माझ्या औषधाच्या चिठ्ठीपेक्षा त्या वाक्याचा गुण मोठा.

आपला प्रवास पुढे चालू ठेवू. चर्नी रोडहून दादरला उतरा आणि पूर्वेकडून परळच्या दिशेने चला. परळला व्ही. शांताराम यांनी 1942 साली ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. त्या काळी मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिन, चेलो आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्यांत गोमंतकीय कलावंतांचा मोठा भरणा होता. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले आणि 1958 साली भारतीय रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा स्वतःचा वाद्यवृंद मुंबईत उभा केला. ‘अमर अकबर अँथनी’ या 1977 च्या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव आले, ते शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. आपण ते गाणे गुणगुणतो. नावामागचा माणूस क्वचितच ठाऊक असतो.

वाद्यवृंदात बसणाऱ्या मुलांच्या कानांविषयी येथे सांगितले पाहिजे. व्हायोलिन डाव्या कानाखालीच वाजते आणि त्याचा आवाज तेथे 85 डेसिबलच्या वर सहज जातो. पितळी वाद्यांच्या पुढे बसणाऱ्यांना त्याहून अधिक सोसावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला चाळीस तास 75 डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो, हे लक्षात ठेवा. तालमीनंतर कानात गुणगुण राहणे किंवा आवाज दबलेले भासणे ही धोक्याची घंटा होय. वादकांसाठी कानात घालायचे खास बोळे मिळतात. ते सर्व स्वर सारख्या प्रमाणात मंद करतात, म्हणून वाजवताना अडचण येत नाही. आणि दिवसभर वाजवून आलेल्या मुलाच्या कानात रात्री पुन्हा इअरफोन नकोत.

परळहून लालबाग पायी गाठता येते. गिरण्यांची धुराडी आता मोजकीच उरली आहेत, पण कोकणातून आलेल्या कामगारांनी आणलेली भजने अजून ऐकू येतात. जवळच डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीतील खोली 160 चौरस फुटांची. अशाच खोल्यांत भजनी मंडळे बसत : बुवांसमोर पेटी, शेजारी पखवाज, भोवती झांजा आणि मागून साथ देणारे. भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला कामगार झोपलेला, कोपऱ्यात कोणाचे तान्हे मूल. आवाज किती चढवायचा, हे त्या खोलीने शिकवले. चक्री भजनात एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने खंड न पडू देता उचलायचा असतो. त्यासाठी सारखे कान लावून बसावे लागते. सिएनाच्या वर्गात आणि लालबागच्या खोलीत वाद्ये निराळी, भाषा निराळी. शिस्त मात्र एकच आहे. आज त्याच रस्त्यावर उत्सवाच्या दिवसांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. त्या गोंगाटात कोणी कोणाचे ऐकत नाही, आणि पुढे ऐकूही येत नाही.

ती मुलगी शिबिराला जाऊन आली. चौघांच्या गटात तिला दुसरे व्हायोलिन मिळाले, म्हणून प्रथम हिरमुसली होती. परतल्यावर मला म्हणाली, “काका, पहिल्या व्हायोलिनकडे लोकांचं लक्ष असतं, पण दुसऱ्याला तिघांचं ऐकावं लागतं. मला तेच आवडलं.” दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे थांबण्याची सूचना तिने पहिल्याच दिवशी गटाला सांगितली. तेव्हा आणखी दोघांनी कबूल केले की त्यांचेही खांदे दुखत आहेत. एकीने सांगितल्यामुळे दोघांना बोलता आले.

आपले मूल अशा शिबिराला जाणार असेल, तर काही तयारी घरीच करा. वादनाचा वेळ सहा-आठ आठवडे आधीपासून थोडाथोडा वाढवा. वाद्य मुलाच्या मापाचे असावे. मोठे होईल म्हणून मोठे व्हायोलिन देऊ नये. दमा असेल तर इन्हेलर आणि औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. गजाला लावायच्या राळेच्या धुळीनेही काहींना त्रास होतो. फुंकून वाजवायच्या वाद्याची मुखनळी कोणाशी वाटून घेऊ नये. मंचावर जाण्यापूर्वी छाती धडधडणे, हात गार पडणे स्वाभाविक आहे. चार-पाच वेळा श्वास सावकाश सोडला तर बरे वाटते. मोठ्यांची रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता मुलाला कधीही देऊ नका. दम्याच्या मुलाला ती घातक ठरू शकते. आणि झोप आठ तासांहून कमी होऊ देऊ नका.

परदेशी शिबिर सर्वांना परवडणारे नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. शेजारच्या तीन मुलांना बोलवा. तबला, पेटी, व्हायोलिन, जे असेल ते घेऊन आठवड्यातून एकदा एका खोलीत बसवा. घाईत कोण जातो, कोण थांबतो, कोणाचा आवाज दुसऱ्याला झाकतो, हे मुले आपसांत ठरवतील. आपण बाहेर बसा आणि मध्ये बोलू नका. फक्त उठताना एक प्रश्न जरूर विचारा : “कुठे दुखत तर नाही ना?” आणि उत्तर काहीही आले, तरी ते शांतपणे ऐकून घ्या.