अंगणातला चिखलदरा

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरच्यांना आपण सर्वज्ञ वाटू लागतो. मिक्सर बिघडला, कूलरची मोटर जळली, बोलवा यालाच! मी अमरावतीला होस्टेलवर, घर अकोल्याला. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आजीने फर्माईश केली, "आंगणात एक लहानसा धबधबा करून दे बाप्पा. आता माह्यानं चिखलदरा होत नाही." गुडघ्यांमुळे तिचं भीमकुंड कायमचं सुटलं आहे. नाही म्हणवेना.

आईने लगेच दोन हरकती घेतल्या. पहिली, काटेपूर्णेचं पाणी नळाला रोज येत नाही आणि तुम्ही ते दगडावर सांडणार? दुसरी जास्त मोठी. दिवाळीला ताई येणार, तिचा पोरगा दोन वर्षांचा. पाणी दिसलं की तो पळतच सुटतो. एवढ्या लेकराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. तोंडावर पडलं तर दोन इंच पाण्यातही ते बुडू शकतं, आणि बहुधा आवाजही होत नाही.

म्हणून अट ठरली : पाणी पडावं, पण वर कुठेही साचू नये. जमिनीत दोन बाय दोन फुटांचा, दीड फूट खोल खड्डा. त्यावर मोठ्या माणसाचं वजन पेलणारी लोखंडी जाळी, तिला कुलूप. जाळीवर मुठीएवढे गोटे, म्हणजे पोराच्या तोंडात जायला नकोत. पाणी गोट्यांमधून खाली उतरेल, पंप ते पुन्हा वर नेईल. उंची फक्त अडीच फूट. काळे दगड सिमेंटात पक्के बसवायचे, कुणी चढलं तरी हलू नयेत असे.

खड्डा भरला तर 170 लिटर पाणी. आम्ही अर्धाच भरणार. कूलरचा पंप घरात पडून होता, पण कूलरच्या शॉकच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळाभर वाचतोच. त्यामुळे 230 व्होल्ट बाद! पंप 12 व्होल्टचा, ॲडॉप्टर घरात उंचावर, आणि लाईनवर 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी. बादली आणि घड्याळ घेऊन पंप तपासला. 20 लिटरला 90 सेकंद, म्हणजे तासाला 800 लिटर. एवढ्यात दोन इंच रुंदीची धार छान पडते. हे पाणी एक मीटर उचलायला हिशेबाने जेमतेम 2.2 वॅट लागतात, पंप मात्र 18 वॅटचा. बाकीचे कुठे गेले, ते सर व्हायव्हात विचारतातच!

राहिला डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर शनिवारी खड्डा रिकामा करून घासायचा आणि ते पाणी मोगऱ्याला द्यायचं. मोगऱ्याला तसंही पाणी लागतंच, त्यामुळे आईची पहिली हरकतही जरा नरमली. एप्रिल-मेमध्ये धबधबा बंद, असं मात्र तिने लिहून घेतलं.

हा सगळा हिशेब मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. आजीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "धबधब्याचं तं एवढं मोजलं. अन् टाक्याचं?"

सगळे गप्प. अकोल्यात नळाचं पाणी साठवायला घरोघरी टाकं असतं. आमचं अंगणातच आहे, पाच फूट खोल, वर पत्र्याचं झाकण, दिवसातून दहा वेळा उघडलं जाणारं. 85 लिटरसाठी मी चार पानं भरली होती आणि हजारो लिटर पाणी तिथून तीन पावलांवर होतं.

दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. पत्र्याच्या खाली बिजागरीची जाळी बसवली, तिला कुलूप लावलं, किल्ली दाराच्या वरच्या खिळ्याला. धबधब्याचे दगड अजून अंगणात ढीग होऊन पडलेत, पुढच्या सुटीत बसतील. आजीची काही तक्रार नाही. "पानी कुठं पयून जाते? लेकरू आधी," म्हणते.

मित्रांनो, धबधबा करा न करा, पण घरी गेलात की टाक्याचं झाकण एकदा हलवून बघा. त्याला ना फ्लुइड मेकॅनिक्स लागत, ना सबमिशन!