वाडा कशानं पडतो?

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाकडे एखादं कुलूपबंद घर असेल. सोमेश्वरनगरपासून जवळच आमचा वाडा आहे. सासूबाई गेल्या, वाटणीवरून जावेशी बोलणं तुटलं आणि दाराला कुलूप लागलं. खर्च कुणी करायचा? “पडेना का!” असं मीही म्हणत असे.

गळिताचा हंगाम संपल्यावर आम्ही गोव्याला गेलो. जुन्या गोव्यात ह्यांच्या आग्रहाखातर टेकडी चढले, तर समोर जांभ्या दगडाचा अर्धाच मनोरा, सुमारे दीडशे फूट उंच. भोवती नुसते चौथरे आणि भिंती. हा सेंट ऑगस्टीनचा मठ. इथलं चर्च 1602 मध्ये पूर्ण झालं.

मला वाटलं, लढाईत पडला असेल. तसं नव्हतं. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केले, मठातली माणसं गेली. 1842 मध्ये छत कोसळलं. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोराही गेला. माणसं गेल्यावर छताला अवघी सात वर्षं पुरली! माझ्या पोटात धस्स झालं. सासूबाईंना जाऊन सहावं वर्ष चालू होतं.

मनोऱ्यातली घंटा मात्र वाचली. लोकांनी ती तिथून हलवली, 1871 पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट ऐकून डोळे भरून आले. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिनं धर्म सोडला नाही, म्हणून 1624 मध्ये इराणच्या शहानं तिला हालहाल करून मारलं. तिच्या अस्थी ऑगस्टीनच्या साधूंनी इथं आणल्या होत्या. ढिगाऱ्यात त्या हरवल्या. पुरातत्त्व खात्यानं खणून शोधल्या, 2013 मध्ये हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ओळख पटवली आणि 2021 मध्ये भारतानं त्यांतला एक भाग जॉर्जियाला दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी बाई माहेरी पोचली!

परत आल्यावर मीच जावेला फोन केला. दोघींनी मिळून कुलूप काढलं. माळवदाला दोन ठिकाणी भोकं पडली होती. पावसाआधी पांढरी माती टाकून घेतली, खर्च निम्मा-निम्मा. वाटणीचं अजून मिटलेलं नाही, मिटेल तेव्हा मिटेल. सासूबाईंची पूजेची घंटा मात्र मी जावेला दिली. तिच्या देवघरात ती रोज वाजते.

तुमच्या कुलपाची किल्ली कुठं आहे हो? पावसाळ्याआधी शोधून ठेवा.