पाकिटावरचं नाव

मुलांनो, "कॉफी कशाची करतात?" असं मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारलं. एक हात चटकन वर झाला. "बाई, बाटलीतल्या पावडरीची!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण खरं सांगू? झाडापासून कपापर्यंत कॉफीचं काय काय होतं, ते मला तरी कुठे नीट ठाऊक होतं! म्हणून डिसेंबरात जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा सहावीतल्या लेकीला घेऊन मी चिकमगळूर गाठलं.

मिरजेहून रेल्वेने कडूर आणि तिथून बसने चाळीसेक किलोमीटर. आपला सह्याद्री इथेही सोबतीला होताच! समोर बाबा बुडनगिरीचे डोंगर आणि कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी. उंची सुमारे १९३० मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही उंच! सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या याच डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे.

ओळखीतून एका छोट्या मळ्यावर आमची सोय झाली होती. घरात म्हातारे अज्जा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा बेळगावला शिकलेला, त्यामुळे मराठी बोलायचा. मला तो "अक्का" म्हणू लागला.

मळ्यात फणस आणि सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांवर चढलेले मिरीचे वेल आणि त्या सावलीत कॉफी. फांदीला लगडलेली बोराएवढी लालचुटुक फळं! "लाल तेवढंच तोडायचं. हिरव्याला अजून वेळ आहे," अज्जांनी खुणेनेच लेकीला शिकवलं. फळ दाबलं की आत एकमेकींना चिकटून बसलेल्या दोन बिया. त्या काढायच्या, धुवायच्या नि उन्हात वाळवायच्या.

घरामागच्या खोलीत भाजायचं यंत्र होतं. फिरतं पिंप, खाली गॅसची ज्योत. मुलाने बरोबर एक किलो बिया तोलून आत टाकल्या. आधी हिरवट बिया, वास ओल्या गवताचा. मग त्या पिवळ्या झाल्या आणि भाजलेल्या पावासारखा वास सुटला. मग तपकिरी. एवढ्यात तो म्हणाला, "आता कोणी बोलू नका. ऐका!"

तट्... तट् तट्! लाह्या फुटाव्यात तसा आवाज! आतली उष्णता दोनशे अंशांच्या आसपास पोचली, की बिया अशा तडकतात. इथून पुढे सेकंदासेकंदाचा हिशेब. त्याने झटकन दार उघडलं आणि बिया खाली गार व्हायला पसरल्या. तोलल्या, तर भरल्या साडेआठशे ग्रॅम!

"दीडशे ग्रॅम कोणी खाल्लं?" लेकीने विचारलं.

"बरंचसं पाणी होतं, ते वाफ होऊन गेलं. पण बिया घेताना पैसे मात्र पूर्ण किलोचे मोजायचे!" तो हसला.

धंद्याची सुरुवात सोपी नव्हती. यंत्र कर्जाने घेतलेलं. पहिल्याच वर्षी अंदाज चुकला आणि एका दुकानाची बारा किलोंची मागणी करपली. हप्ता तोंडावर आलेला. कोणीतरी सल्ला दिला, "चिकोरी मिसळून विकून टाक. कोणाला कळतंय?" त्याचंही मन डळमळलं. पण अज्जांनी ती कॉफी उचलली आणि सरळ खताच्या खड्ड्यात ओतली. "पाकिटावर माझं नाव आहे," एवढंच म्हणाले. त्या महिन्याचा हप्ता सुनेने मिरी विकून भरला.

नावाचं एवढं काय, असं तुम्हांला वाटेल. त्याचं कारण ऐका. दुसऱ्या महायुद्धात कॉफीची परदेशी विक्री अडली, तेव्हा १९४२ साली कायदा झाला. सगळ्यांची कॉफी कॉफी बोर्डाकडे जमा व्हायची आणि बोर्ड ती विकायचं. शेतकऱ्याला गिऱ्हाईक शोधायची काळजी नव्हती, पण सगळ्यांचा माल एकत्र व्हायचा. पुढे हळूहळू बंधनं सैल झाली आणि १९९६ साली सर्वांनाच आपली कॉफी हवी तिथे विकायची मोकळीक मिळाली. "माझी कॉफी कोण पितं, हे मला तोवर कधी कळलंच नव्हतं," अज्जा म्हणाले.

आता तर कॉफीचीही परीक्षा होते बरं का! जाणकार लोक वास आणि चव घेऊन शंभरपैकी गुण देतात. ऐंशी किंवा त्याहून जास्त मिळाले, तर ती 'स्पेशालिटी' कॉफी. अज्जांच्या कॉफीला मिळाले त्र्याऐंशी. तो कागद त्यांनी देवघराशेजारी लावला आहे!

निघताना त्यांनी एक पाकीट हातात ठेवलं. त्यावर भाजल्याची तारीख, गावाचं नाव आणि खाली अज्जांचं नाव.

शाळेत ते पाकीट मी वर्गात फिरवलं. मुलांनी आधी वास घेतला, मग नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या, तर एक वही कमी! विचारलं तेव्हा बाटलीतली पावडर सांगणारा तोच पठ्ठ्या उभा राहिला. "बाई, घाईत लिहिलंय. नाव माझं आहे ना त्यावर! उद्या नीट लिहून आणू?"

मी "हो" म्हटलं. तुम्ही काय म्हटलं असतं?