घरबसल्या पाहिलेले चित्रपट
व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावूरला राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांत घरी मराठी, बाहेर तमिळ. घरच्या पडद्यावरही दोन्ही चालतात. १९६८ चा ‘तिल्लाना मोहनांबाळ’ मी कितीदा पाहिला असेन! त्यातील नादस्वर ऐकताना कथेचा संथपणा खटकत नाही. नायक शिवाजी गणेशन. नाटकात शिवछत्रपतींची भूमिका केल्यावर हे नाव त्यांना मिळाले, याचे आमच्या घरी फार कौतुक. २०२२ चा ‘पोन्नियिन सेल्वन’ भव्य खरा. पण कावेरीकाठचा ओलावा मला त्यात आढळला नाही.

‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र निराळा. विष्णुपंत पागनीसांचे संथ बोलणे मुलांना समजते. नव्या मराठी चित्रपटांतील घाईची भाषा समजत नाही. मग आपल्याच भाषेसाठी ती पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचतात.