सूर्यास्ताआधीचा मुक्काम

आपल्या घरांतून दूरच्या प्रवासाचा विषय निघाला की तिकीट आणि व्हिसा यांच्याही आधी एक प्रश्न पुढे येतो : जेवणाचे काय? सहल काढणाऱ्या कंपन्या पत्रकावर ‘जैन भोजनाची सोय’ असे छापतात आणि ते भोजन मिळतेही. परंतु किती वाजता मिळेल, हे त्यात लिहिलेले नसते. दिवसभर बस धावत असते, स्थळांची यादी पूर्ण होत असते आणि भोजनगृहाची पायरी चढेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजतात. ज्यांना रात्रीभोजनाचा त्याग आहे, त्यांनी बसच्या आसनावरच खाखरा आणि सुकामेवा खाऊन घ्यावा आणि नंतर इतरांचे जेवण होईपर्यंत बसून राहावे, असा हा व्यवहार. माझ्या पत्नीने अशा दोन सहली केल्या. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “अहो, उपाशी राहण्याचे मला दुःख नाही. पण रोज संध्याकाळी आपल्यामुळे कुणाची तरी अडचण होते, हे मनाला लागते. तुम्ही खुशाल जा.” तिला घरी ठेवून एकट्याने जाणे मला रुचले नाही. पुढची बारा वर्षे तीर्थयात्रांखेरीज आम्ही कोठे गेलो नाही.

2019 च्या सप्टेंबरमध्ये आम्ही लॉस एंजेलिसला मुलीकडे गेलो होतो. तिने आणि जावईबापूंनी आमच्यापुढे मोटरहोमचा पर्याय ठेवला. अमेरिकेत याला ‘आर.व्ही.’ म्हणतात. ट्रकच्या सांगाड्यावर उभारलेली ही एक चालती खोलीच असते. आमच्या गाडीची लांबी 25 फूट होती. मागे पलंग, मध्ये जेवणाचे मेज, गॅसची शेगडी, फ्रिज, शौचालय आणि न्हाणीघर अशी तिची रचना. माझ्याकडे आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना होता आणि उजव्या बाजूने गाडी हाकण्याचा सराव आधीच्या दोन मुक्कामांत झाला होता. तरीही एका रिकाम्या वाहनतळावर दोन दिवस वळणे घेऊन पाहिल्यावरच जावईबापूंनी संमती दिली.

पत्नीने तीन अटी घातल्या. कंपनीची भांडी घ्यायची नाहीत. आपला कुकर, तवा, पातेली आणि विजेची शेगडी घरून न्यायची. पाणी गाळून, उकळूनच वापरायचे. आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडी मुक्कामी उभी असली पाहिजे. पहिल्या दोन अटी सोप्या होत्या. तिसरीने आमच्या प्रवासाचे वेळापत्रकच ठरवून टाकले.

गाडी लास व्हेगसला ताब्यात घेतली. नेवाडातून ॲरिझोनाचा एक कोपरा ओलांडून यूटा राज्यात शिरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. झायन राष्ट्रीय उद्यान त्याच दिवशी गाठता आले असते. पण मुक्कामी पोहोचायला उशीर झाला असता, म्हणून अलीकडेच सँड हॉलो या जलाशयाकाठी थांबलो. तांबडी वाळू, तांबडे खडक आणि त्यांत निळे पाणी. पाच वाजता गाडीला वीज आणि पाणी जोडले, सहाला मुगाची डाळ, भात आणि पापड असे जेवण झाले. नंतर काठाने तासभर चाललो. आमच्या शेजारी उतरलेले एक वृद्ध अमेरिकन जोडपे वीस वर्षे अशा गाडीतून हिंडत होते. तेही दिवस मावळण्याआधीच गाडी लावत. अंधारात तळावर आले तर जागा सापडत नाही, गाडी समतल करता येत नाही, नळ आणि विजेचा खांब दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. आमच्या घरचा नियम आणि त्या रस्त्यावरचा शहाणपणा एकच निघाला, याची पत्नीला मोठी मौज वाटली.

झायनला तीन रात्री राहिलो. 1919 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेली ही दरी व्हर्जिन नावाच्या लहानशा नदीने वालुकाश्म कापून घडविली आहे. आमचा वॉचमन नावाचा तळ नदीकाठीच होता. तेथे जागोजागी विजेची जोडणी आहे आणि जनरेटर लावण्यास मनाई आहे, त्यामुळे रात्री पाण्याचा आवाज ऐकू येई. या तळावरील जागा सहा महिने आधी आरक्षणास खुल्या होतात; मुलीने ती दक्षता घेतली होती. दरीत जाण्यासाठी उद्यानाच्या बसेस आहेत, त्यामुळे आमची गाडी तीन दिवस जागची हलली नाही. आम्ही भाड्याने सायकली घेतल्या आणि पारुस नावाच्या नदीकाठच्या सपाट वाटेवर फिरलो. पत्नीने महाविद्यालयानंतर प्रथमच सायकल हाती धरली होती. पहिल्या पुलापर्यंत ती गंभीर होती. दुसऱ्या पुलानंतर माझ्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी दरीच्या शेवटच्या टोकाशी, नदीच्या गार पाण्यात गुडघ्यापर्यंत पाय सोडून आम्ही दुपार घालविली.

एक अडचण सांगितलीच पाहिजे. संध्याकाळी सहानंतर तळावर जागोजागी मांस भाजले जाते आणि त्याचा वास सर्वत्र पसरतो. गाडीची तावदाने लावून घेतली तरी तो पूर्णपणे टळत नाही. त्याला उपाय एकच सापडला. आमचे जेवण तोवर आटोपलेले असे, म्हणून नेमक्या त्या वेळी आम्ही चालायला बाहेर पडत असू. परतेपर्यंत लोकांच्या शेगड्या विझलेल्या असत.

झायनहून पूर्वेकडे निघताना 1930 साली खुला झालेला 1.1 मैल लांबीचा बोगदा लागतो. मोठ्या गाडीला तेव्हा त्याच्या मधोमधच जावे लागे. त्यासाठी 15 डॉलरचा परवाना घ्यावा लागला. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी समोरची वाहतूक थोपवून धरली आणि मग आम्हाला सोडले. खडकात कोरलेल्या खिडक्यांतून अधूनमधून उजेडाची तिरीप आत येते. बाहेर पडेपर्यंत पत्नी नवकार म्हणत होती आणि मी सुकाणूवरची पकड ढिली केली नाही.

ब्राइस कॅनियन सुमारे 8,000 फुटांवर आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत शिरते, रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते. वर्षातील दीडशेहून अधिक दिवस हे चक्र चालते आणि त्यातूनच केशरी रंगाचे हजारो सुळके कोरले गेले आहेत. या उंचीवर पाणी लवकर उकळते, पण त्याची उष्णता कमी असते. उघड्या पातेल्यात डाळ शिजेना. घरून आणलेला कुकर तेथे उपयोगी पडला. रात्री थंडी गोठणबिंदूपर्यंत गेली आणि गाडीतला हीटर लावावा लागला.

ब्राइसहून 12 क्रमांकाच्या महामार्गाने कॅपिटॉल रीफला गेलो. एका ठिकाणी दोन्ही बाजूंना दरी आणि मध्ये जेमतेम रस्त्यापुरती कड आहे. तेथे मी ताशी 25 मैलांवर गाडी चालविली. मागे गाड्या साचल्या की कडेला जागा पाहून त्यांना पुढे जाऊ देत होतो. कॅपिटॉल रीफच्या फ्रूटा गावात मॉर्मन वसाहतकऱ्यांनी 1880 च्या दशकापासून फळबागा लावल्या. ते लोक गेले, बागा उद्यानाने जतन केल्या आहेत. आज तेथे सुमारे 2,000 झाडे आहेत. तोडणीस खुल्या केलेल्या बागेत बसून खाल त्या फळांचे पैसे नाहीत. घरी न्यायची असतील, तर तेथे ठेवलेल्या तराजूवर स्वतः वजन करायचे आणि पेटीत पैसे टाकायचे. दुकानदार नाही, हिशेब पाहणारा कोणी नाही. माझे सारे आयुष्य सही जुळवून पाहण्यात गेले. त्या पेटीजवळ मी बराच वेळ उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहत होतो. जो तो थांबून वजन करी आणि पैसे टाकी. पत्नीने सफरचंदे तोलली, हिशेब केला आणि पूर्ण डॉलरचा आकडा होईल इतकी आणखी दोन फळे घातली.

या उद्यानाला 2015 पासून गडद आकाशाचे उद्यान अशी आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. जेवण सहालाच झालेले, भांडी घासून ठेवलेली, त्यामुळे साडेसातपासून दहापर्यंतचा वेळ पूर्ण आमचा होता. दोन खुर्च्या टाकून आम्ही आकाशगंगा पाहत बसलो. नोकरीच्या चौतीस वर्षांत असे अडीच तास एका जागी दोघे बसल्याचे आम्हा दोघांनाही आठवेना.

परतताना सीडर सिटीत एक मुक्काम केला. नऊ रात्रींत आम्ही सुमारे 1,150 किलोमीटर अंतर कापले. सहलीच्या बसने ते दोन-तीन दिवसांत उरकले असते. हा प्रवास स्वस्त मुळीच नाही. दैनिक भाडे, विमा, मैलागणिक आकार आणि तळाचे शुल्क वेगळे द्यावे लागते, आणि गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास मात्र त्या वेळी 80 डॉलरला मिळाला व तिन्ही ठिकाणी चालला. सांडपाण्याची टाकी दर दोन-तीन दिवसांनी स्वतः रिकामी करावी लागते. हे काम ज्यांना कमीपणाचे वाटते, त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्या घरातील कोणी नियमासाठी प्रवास सोडला आहे, त्यांनी मात्र या मार्गाचा अवश्य विचार करावा. मुक्कामांतील अंतर दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत ठेवावे, शेगडी आणि भांडी स्वतःची न्यावीत, आणि गाडी किती वाजता थांबवायची हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा नियम आहे त्याच्याकडे सोपवावा.

लास व्हेगसला गाडी परत करताना तेथील कर्मचाऱ्याने शेगडीकडे पाहिले आणि ती आम्ही वापरली की नाही, असे विचारले. नऊ दिवस आम्ही रोज दोन वेळा ताजे जेवलो, एकही दिवस सूर्य मावळल्यावर नाही, असे पत्नीने त्याला आपल्या इंग्रजीत सविस्तर सांगितले. त्याला त्यातले कितपत समजले, कोण जाणे. माझे मात्र सारे ऐकून झाले होते, तरी मी तिला मध्ये थांबविले नाही.