कपाट कोणाचं?

ब्लॉकबस्टर बुडाली तेव्हा मला चक्क आनंद झाला होता. सिनेमे भाड्याने देणाऱ्या या अमेरिकी कंपनीची २००४च्या सुमारास नऊ हजारांच्या आसपास दुकानं होती. सप्टेंबर २०१०मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी २००० साली पाच कोटी डॉलरला नेटफ्लिक्स विकत घ्यायला तिने नकार दिला होता, हा किस्सा मी भेटेल त्याला रंगवून सांगायचो. माझा राग खरं तर आमच्या पेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीवरचा. कॅसेट एक दिवस उशिरा दिली की दंड, आणि हवा तो सिनेमा कायम ‘बाहेर गेलेला’. तो निघाला ब्लॉकबस्टरवर.

आज माझं मत वेगळं आहे. जुन्या आठवणींनी गहिवरून ते बदललं, असं मात्र नाही. कव्हरं चाळत उभं राहण्यात काव्य होतं म्हणणाऱ्यांशी माझं अजूनही जमत नाही. मत फिरवलं ते अमेरिकेतल्या एका कायद्याने. तिथे रीतसर विकत घेतलेली डिस्क मालक खुशाल भाड्याने देऊ शकतो, त्यासाठी स्टुडिओची परवानगी लागत नाही. म्हणून १९९८पासून टपालाने डिस्क पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सला बाजारात मिळेल तो सिनेमा ठेवता आला, आणि त्यांची यादी लाखाच्या घरात गेली. २००७ साली त्यांनी स्ट्रीमिंग सुरू केलं. तिथे मात्र प्रत्येक सिनेमासाठी हक्कदाराशी करार करावा लागतो. मुदत संपली की सिनेमा गायब, आणि हक्कदाराला द्यायचाच नसेल तर तो येतच नाही. कंपनी तीच, पण कपाट लहान झालं.

आपल्याकडे सिनेमा भाड्याने देण्याचा हक्क कायद्याने हक्कदाराकडेच राहतो. त्यामुळे पेठेतल्या लायब्ररीवरून हा फरक माझ्या लक्षात येणं कठीणच होतं.

डिसेंबर २०२२मध्ये ‘वेस्टवर्ल्ड’ ही एचबीओची स्वतःची मालिका एचबीओ मॅक्सवरून काढून टाकली गेली. घरच्याच मालिकेची ही गत! तिची डिस्क ज्यांच्या घरी होती, त्यांचं काहीच अडलं नाही.

ब्लॉकबस्टरसाठी आजही मला हळहळ वाटत नाही. नव्या गाजलेल्या सिनेमांच्या प्रतींनीच तिच्या भिंती भरलेल्या असायच्या. हळहळ वाटते ती नेटफ्लिक्सच्या लाल पाकिटांची. २९ सप्टेंबर २०२३ला शेवटची पाकिटं निघाली आणि ती सेवा बंद झाली. ज्याला मी या शर्यतीतला विजेता म्हणत होतो, त्याने आपलं मोठं कपाट आपल्याच हाताने मोडीत काढलं. सिॲटलमध्ये १९८८पासून चालणारं ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ हे दुकान २०१४ साली ना-नफा संस्था झालं, म्हणून त्याचे एक लाख चाळीस हजारांवर सिनेमे अजून भाड्याने मिळतात. पूर्वी मी याला हौशी मंडळींचा खुळा हट्ट म्हटलं असतं. आता अशा दुकानाला सार्वजनिक वाचनालयासारखं अनुदान मिळावं, असं म्हणतो. तरी शनिवारी रात्री मी स्वतः रिमोटच उचलतो, आणि ओटीटीची वर्गणीही अजून बंद केलेली नाही.