बांबूच्या रांजीपाशी

गडचिरोलीहून धानोऱ्याची सकाळची एसटी धरली. रस्त्याकडेच्या मोहांखाली बायका-पोरं वाकून फुलं वेचत होती. तीसेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) आलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही याच गोंड गावाची घोषणा.

ऊन चढायच्या आत एका काकांबरोबर जंगलात गेलो. बांबूच्या रांजीपाशी, म्हणजे बेटापाशी, ते थांबले. मी एका हिरव्यागार काठीला हात लावला, तसे म्हणाले, “भाऊ, तो कोवळा हाय. त्याले नाही तोडत.” नवे कोंब रांजीच्या कडेनं फुटतात, जुने बांबू मधे अडकतात. तोडायला सोपे असतात कडेचेच. म्हणून घाईनं तोडणारा नेमका उद्याचा बांबू नेतो. काका मात्र कडेला वाट काढून आत शिरले, जून बांबू निवडला आणि जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर कोयता घातला. पेराला लागूनच का? पेराच्या वर पोकळ खुंट उरला आणि त्यात पाणी साचलं, तर मुळं कुजतात. एवढं शहाणपण कोयत्याच्या एका घावात असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

२००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीच्या परवान्याशिवाय तोडलेला बांबू विकता येईना. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्याआधी कित्येक वर्षं गावाबरोबर अभ्यास करत घालवली होती.

संध्याकाळी ग्रामसभेच्या बैठकीत मागे बसलो. इथे हात वर करून बहुमत मोजत नाहीत, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलतात. या वर्षी तोड कुठल्या भागात करायची, हा विषय होता. जवळपास सगळे एका भागावर आले होते, तेवढ्यात एक आजी उठल्या. त्या रांज्या गेल्या खेपेलाच तोडल्यात, त्यांना अजून एक पावसाळा द्या, म्हणाल्या. कुणी त्यांना बसवलं नाही. मला वाटतं, या जंगलाची खरी राखण इथेच होते. बऱ्याच वेळानं ठरलं, सकाळी चार जणांनी आजींना घेऊन रांज्या बघून यायच्या. तोवर कोयते घरातच राहणार होते.